बोगद्यांतला डिझेलचा धूर: रेल्वे कर्मचाऱ्यांच्या श्वासात किती गेला, हे मोजायचे कसे?

करंजखाडी (धागाकर्ता)

कोकण रेल्वेचा रोहा ते ठोकूर हा मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्णपणे खुला झाला आणि त्याचे विद्युतीकरण मार्च २०२२ मध्ये पुरे झाले. मधल्या चोवीस वर्षांत या ७४१ किलोमीटरांवरची जवळजवळ सगळी वाहतूक डिझेल इंजिनांनी ओढली, आणि वाटेत ९१ बोगदे होते. बोगदा आला की खिडक्या लावून घ्यायच्या, हे आपल्याकडच्या प्रवाशांना कोणी शिकवावे लागले नाही. ज्यांना लावून घ्यायला खिडकीच नव्हती, म्हणजे बोगद्यात रूळ तपासणारे, इंजिनावर उभे राहणारे, गाडीच्या शेपटाशी बसणारे आणि शेडमध्ये चालू इंजिनाशेजारी काम करणारे, त्यांच्या श्वासात या काळात काय आणि किती गेले, या प्रश्नासाठी हा धागा आहे. मी कारखान्यांमधली कामाच्या जागेवरची हवा मोजण्याचे काम करतो. रेल्वेत नोकरी केलेली नाही. मोजमापाची बाजू मी मांडतो, प्रत्यक्ष कामाची बाजू ज्यांनी ते काम केले आहे त्यांनी मांडावी, अशी विनंती आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने, म्हणजे आयएआरसीने, डिझेल इंजिनाच्या धुराला १९८८ मध्ये ‘बहुधा कर्करोगकारक’ म्हटले होते. जून २०१२ मध्ये तिने तो पहिल्या गटात, म्हणजे माणसाला निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या घटकांत टाकला. या निर्णयामागे खाणकामगारांवरचा मोठा अभ्यास होता आणि रेल्वे कामगारांवरचे अभ्यासही होते. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर वाफेची इंजिने झपाट्याने गेली आणि १९५९ पर्यंत ९५ टक्के इंजिने डिझेलची झाली, त्यामुळे कोणता कामगार केव्हापासून या धुरात आहे, हे तिथे बऱ्याच खात्रीने सांगता येत होते. एरिक गार्शिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५४,९७३ रेल्वे कामगारांचा १९५९ ते १९९६ असा मागोवा घेतला. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात गाडी चालवण्याच्या कामावर असलेल्यांमध्ये फुफ्फुसाच्या कर्करोगाने झालेल्या मृत्यूंचे प्रमाण धुरापासून दूर असलेल्या कामगारांच्या १.४० पट आढळले.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली, आणि माझ्या दृष्टीने आपल्या चर्चेसाठी तीच महत्त्वाची आहे. धुराच्या कामावरची वर्षे वाढली तशी जोखीम वाढत गेली, असे त्यात दिसले नाही. काहींनी यावरून धुराच्या दोषावरच शंका घेतली. मला मात्र यातून वेगळे दिसते. ‘वीस वर्षे लोको पायलट’ या नोंदीत त्या माणसाने इंजिनाच्या कोणत्या टोकाला बसून काम केले, किती बोगदे पार केले, किती वेळ चालू इंजिनाशेजारी उभा राहिला, यातले काहीच येत नाही. नोकरीची वर्षे म्हणजे धुराची मात्रा नव्हे. मात्रा कळायची असेल तर ती माणसाच्या नाकापाशी, कामानुसार मोजावी लागते, आणि मोजणे शक्य नव्हते त्या काळासाठी कोण कुठे होता याच्या नोंदी जपाव्या लागतात.

आता काय मोजायचे याविषयी. डिझेलच्या धुरात नायट्रोजनची ऑक्साइडे, कार्बन मोनॉक्साइड, गंधकाचे वायू, बेन्झीन, बहुवलयी हायड्रोकार्बन आणि अतिसूक्ष्म काजळी असे शेकडो घटक असतात. सगळे मोजता येत नाहीत आणि बहुतेक इतर ठिकाणांहूनही येतात. म्हणून जगभर एलिमेंटल कार्बन, म्हणजे काजळीच्या कणाचा गाभा असलेला कार्बन, हा निर्देशक धरला जातो. कामगाराच्या कमरेला बॅटरीवर चालणारा छोटा पंप असतो, त्याची नळी खांद्यावरून कॉलरपर्यंत येते आणि तिच्या टोकाशी, नाकापासून वीतभर अंतरावर, क्वार्ट्झच्या तंतूंचा फिल्टर बसवलेली डबी असते. मिनिटाला २ लिटर हवा ओढली तर आठ तासांत ९६० लिटर, म्हणजे जवळजवळ एक घनमीटर हवा त्या फिल्टरमधून जाते. प्रयोगशाळेत फिल्टरचा तुकडा प्रथम हेलियम वायूत तापवतात, तेव्हा सेंद्रिय कार्बन उडून जातो. मग ऑक्सिजन मिसळून पुन्हा तापवतात, तेव्हा मागे राहिलेला कार्बन जळतो आणि मोजला जातो. पहिल्या टप्प्यात काही सेंद्रिय भाग करपून काजळीसारखाच काळा होतो. त्याची गल्लत होऊ नये म्हणून फिल्टरमधून सतत लेझर किरण सोडून काळेपणावर लक्ष ठेवलेले असते. कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या अमेरिकेच्या नायॉश संस्थेची ५०४० क्रमांकाची पद्धत ती हीच. क्वार्ट्झ यासाठी, की एवढ्या उष्णतेत साधा फिल्टर टिकत नाही.

आठ तासांनी डबी उघडल्यावर पांढऱ्या चकतीवर मधोमध राखाडी किंवा काळे वर्तुळ उमटलेले असते. कामगाराला ते दाखवले की त्याला आकडा समजावून सांगण्याची निम्मी गरज उरत नाही, असा माझा कारखान्यांतला अनुभव आहे.

बोगद्याच्या भिंतीवर एखादे यंत्र टांगून हे काम होणार नाही. बोगद्यातली हवा आणि बोगद्यातल्या माणसाचा श्वास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, कारण माणूस तिथे कायम नसतो आणि जेव्हा असतो तेव्हा धूर तिथे असतोच असे नाही. हे वेळेचे गणित ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले आहे त्यांनी कृपया लिहावे.

मुकादम_निवृत्त

धागा काढल्याबद्दल आभार. मी रूळ देखभालीच्या कामावर होतो आणि नोकरीचा मोठा भाग रत्नागिरीच्या आसपास गेला, म्हणून वेळेच्या गणिताविषयी लिहितो.

उक्षी आणि भोके या स्थानकांमधला करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरांचा आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी तो साडेसहा मिनिटांत पार करते. तेवढेच अंतर रुळाची एकेक चावी, एकेक सांधा बघत पायी जायचे तर दीड तासाहून अधिक लागतो. म्हणून एका माणसाला पूर्ण बोगदा देत नाहीत, तरी ज्याच्या वाट्याला मधला भाग येतो त्याला आत जाण्यात आणि बाहेर येण्यातच बराच वेळ घालवावा लागतो. गाडी आली की भिंतीतल्या आडोशात उभे राहायचे. इंजिन समोरून जाते तेव्हा धूर वर छताला असतो आणि त्या क्षणी फारसे काही वाटत नाही. खरा धूर गाडी गेल्यानंतर खाली येतो. गाडीच्या मागे ओढली जाणारी हवा छतावरचा धूर ढवळून खाली आणते आणि मग हातबत्तीचा उजेड चार पावलांवर संपतो. लांब बोगद्यांत हवा खेळवण्यासाठी मोठे पंखे आहेत, पण धूर बाहेर पडायला वेळ लागतोच. बाहेरचा वारा कोणत्या तोंडाने आत येतो यावरही पुष्कळ अवलंबून असते. पावसाळ्यात समुद्राकडचा वारा जोरात असेल तर काही बोगदे लवकर मोकळे होत आणि ऑक्टोबरातल्या पडलेल्या हवेत तेच बोगदे तासभर कोंदलेले राहत.

चढाची बाजूही मोजणाऱ्याने लक्षात घ्यावी. या मार्गाचा कमाल चढ १५० ला १ एवढाच ठेवलेला आहे, तरी भरलेली मालगाडी चढावर बोगद्यात शिरली की इंजिन पूर्ण जोरावर असते. तीच गाडी उलट दिशेने उतरताना जवळजवळ धूर सोडत नाही. तेव्हा ‘बोगद्यातून दिवसाला इतक्या गाड्या गेल्या’ ही नोंद पुरेशी नाही. चढाने किती आणि उताराने किती, हेही हवे.

शॉर्टहूड

मुकादमसाहेबांनी लिहिले ते बरोबर आहे. इंजिनावरची बाजू मी मांडतो.

अल्को या अमेरिकी कंपनीच्या जुन्या बांधणीच्या इंजिनांना एकच केबिन असायची आणि ती एका टोकाशी. केबिन पुढे ठेवून चालवले तर शॉर्ट हूड, आणि इंजिनाचा लांब भाग पुढे ठेवून चालवले तर लाँग हूड. लाँग हूड पुढे असताना धुराडे आमच्या पुढे असते आणि गाडीचा वेग तो धूर थेट केबिनवर आणतो. मोकळ्या जागेत तो वर निघून जातो, बोगद्यात त्याला जायला जागा नसते. काचा बंद केल्या तरी दाराच्या फटीतून आणि फरशीच्या भोकांतून तो आत येत असे, आणि एप्रिल-मे महिन्यांत वातानुकूलन नसलेल्या केबिनमध्ये काचा फार वेळ बंद ठेवणे माणसाला शक्य नसते. दोन इंजिने जोडून चालवताना मागच्या इंजिनात कोणी असेल तर त्याच्या वाट्याला पुढच्याचाही धूर येतो. पुढे दोन्ही टोकांना केबिन असलेली डब्ल्यूडीपी-४डी जातीची इंजिने आली आणि त्यांवर हा त्रास बराच कमी झाला.

म्हणजे एकाच मार्गावर, एकाच पदावर, एकाच महिन्यात काम केलेल्या दोन लोको पायलटांच्या श्वासातली काजळी कितीतरी पटींनी वेगळी असू शकते. इंजिनाची जात आणि ते कोणत्या दिशेने जोडले होते, हे कळल्याशिवाय नुसत्या हजेरीवरून काही सांगता येणार नाही.

गार्डांविषयीही कोणी लिहावे. इंजिनाचा धूर पूर्ण गाडीवरून मागे जातो आणि बोगद्यात शेवटी त्यांच्याच डब्यावर येतो.

कातळसडा

विषय गंभीर आहे, पण एक प्रश्न मनापासून विचारतो. विद्युतीकरण झाले, विजेची इंजिने धावू लागली. आता मोजायला काय शिल्लक आहे? आणि मोजून आलेला आकडा मागच्या चोवीस वर्षांना कसा लावणार?

करंजखाडी

कातळसडा, हा प्रश्न या धाग्याच्या मुळाशीच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डिझेल या मार्गावरून पूर्णपणे गेलेले नाही. गिट्टी ठोकून रूळ समतल करणारी टॅम्पिंग मशीन डिझेलवर चालतात, विजेच्या तारांची देखभाल करणाऱ्या टॉवर वॅगन डिझेलवर चालतात, काही ठिकाणी शंटिंगची, म्हणजे यार्डात डबे हलवण्याची, इंजिने डिझेलची आहेत, आणि तारांचा पुरवठा तुटला किंवा दरड कोसळली तर मदतीला डिझेल इंजिनच जाते. टॅम्पिंग मशीनचा मुद्दा विशेष आहे. ते धावत्या गाडीसारखे साडेसहा मिनिटांत बोगदा पार करत नाही; बोगद्यात काम असेल तर कामाचा पूर्ण ब्लॉक, म्हणजे गाड्या थांबवून कामाला दिलेला वेळ, ते आत एका जागी घुमत असते आणि त्याच्या आसपास माणसे पायी असतात. अशा कामात श्वासात जाणारी काजळी डिझेल गाड्यांच्या काळातल्या कीमनपेक्षा (रोज पायी रूळ तपासणाऱ्या कर्मचाऱ्यापेक्षा) कमी असेलच, असे मोजल्याशिवाय कोणीही म्हणू नये.

दुसरा भाग भूतकाळाचा. आजचा आकडा उचलून २००५ सालाला चिकटवता येणार नाही, हे खरे आहे. इंजिने बदलली आणि इंधनही बदलले; देशभरातल्या डिझेलमधले गंधकाचे कमाल प्रमाण १ एप्रिल २०२० पासून १० पीपीएमवर, म्हणजे दहा लाख भागांत १० भागांवर, आले. पण भूतकाळाचा अंदाज बांधण्याची रीत आहे. कोणते काम, कोणत्या जागी, कोणत्या इंजिनाजवळ, किती वेळ, असे तुकडे करायचे. जे तुकडे आजही मोजता येतात ते मोजायचे. जे मोजता येत नाहीत त्यांच्यासाठी बोगद्याची लांबी-रुंदी, इंजिनाची अश्वशक्ती, गाड्यांची संख्या आणि वायुवीजन यांवरून हिशेब मांडायचा, आणि अंदाजाच्या दोन्ही बाजूंना किती फरक पडू शकतो तेही लिहायचे. अमेरिकेतल्या अभ्यासातही वाफेकडून डिझेलकडे होणारा बदल असाच, कोणत्या कंपनीने कोणती इंजिने केव्हा घेतली याच्या नोंदींवरून धरावा लागला होता.

वेळेच्या सरासरीविषयी एक उदाहरण देतो. यातले आकडे केवळ हिशेब दाखवण्यासाठी घेतलेले आहेत, मोजलेले नाहीत. समजा एखादा कीमन अर्धा तास घनमीटरला ४०० मायक्रोग्रॅम काजळीच्या हवेत होता आणि उरलेले साडेसात तास १० मायक्रोग्रॅमच्या हवेत. आठ तासांची सरासरी सुमारे ३४ येते. युरोपीय संघाने कामाच्या जागेसाठी घातलेली मर्यादा ५० मायक्रोग्रॅम एलिमेंटल कार्बन आहे. ती २१ फेब्रुवारी २०२३ पासून लागू झाली आणि भूमिगत खाणी व बोगदे खोदण्याच्या कामांना २१ फेब्रुवारी २०२६ पासून. म्हणजे हा कीमन कागदावर मर्यादेच्या आत दिसेल, पण त्याच्या दिवसभराच्या मात्रेतला बहुतेक भाग त्या अर्ध्या तासातून आलेला असेल. तेवढा अर्धा तास बदलला, गाडी गेल्यावर धूर ओसरेपर्यंत आत न जाण्याची मुभा दिली, तरी दिवसाची मात्रा कितीतरी खाली येते. म्हणून पूर्ण पाळीच्या फिल्टरबरोबरच मिनिटागणिक काजळी नोंदवणारे, फिल्टरच्या पट्टीवरचा काळेपणा प्रकाशाने मोजणारे छोटे यंत्रही अंगावर द्यावे, असे माझे मत आहे. फिल्टर एकूण किती ते सांगतो, यंत्र केव्हा ते सांगते.

डॉ_कुडाळ

मी श्वसनविकारांवर उपचार करते आणि निवृत्त रेल्वे कर्मचारी माझ्याकडे येतात. निदानाच्या वेळी हमखास येणारी अडचण अशी, की रुग्णाने बिडी ओढलेली असते, त्याच्या घरी वर्षानुवर्षे चूल असते, आणि नोकरीतला धूर तिसरा. यांतला कोणता किती, हे फुफ्फुसाच्या तपासणीवरून वेगळे काढता येत नाही. मोजमाप करताना तरी ते वेगळे काढता येते का? लघवीतले वन-हायड्रॉक्सीपायरीन, म्हणजे बहुवलयी हायड्रोकार्बन शरीरात गेल्याची खूण, तपासण्याविषयी मी वाचले आहे, पण ते धूम्रपानानेही वाढते.

करंजखाडी

डॉक्टर, तुमचा आक्षेप अचूक आहे. वन-हायड्रॉक्सीपायरीन बिडीने वाढते, चुलीच्या धुराने वाढते, भाजलेल्या अन्नानेही वाढते, त्यामुळे एकट्याच्या भरवशावर ते डिझेलविषयी फार थोडे सांगते.

हाच प्रश्न अमेरिकेत रेल्वे कामगारांवर मोजमाप करणाऱ्यांना १९८० च्या दशकात पडला होता. तेव्हा श्वसनयोग्य धूळ वजनाने मोजत असत आणि कार्यालयात बसणाऱ्या कारकुनाच्या फिल्टरवरही भरपूर वजन मिळत असे, कारण शेजारचा माणूस सिगारेट ओढत असे. सुसान वॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर उपाय काढला: फिल्टरवरचे निकोटीन मोजायचे, त्यावरून तंबाखूच्या धुराचा वाटा काढायचा आणि तो एकूण वजनातून वजा करायचा. अशी दुरुस्ती केल्यावर कारकुनांसाठी घनमीटरला १७ मायक्रोग्रॅम आणि इंजिन-दुरुस्ती शेडमधल्या कामगारांसाठी १३४ मायक्रोग्रॅम अशी सरासरी निघाली. चालक, गार्ड आणि शंटिंगवाले या दोन टोकांच्या मध्ये होते. निकोटीनची दुरुस्ती नसती तर या गटांमधला फरक तंबाखूच्या धुराने पुष्कळ झाकला गेला असता.

एलिमेंटल कार्बन मोजल्यास ही अडचण आणखी कमी होते, कारण बिडी-सिगारेटच्या धुरातला कार्बन मुख्यतः सेंद्रिय असतो. चुलीच्या धुरात मात्र एलिमेंटल कार्बन असतो. म्हणून पंप घरून कामावर येताना नव्हे, तर हजेरीच्या ठिकाणी लावायचा आणि तिथेच काढायचा. आणि गँगच्या, म्हणजे रूळ देखभालीच्या टोळीच्या, खोलीशेजारी चूल पेटत असेल तर तशी नोंद करायची. त्याच दिवशी रुळांपासून दूर, गावात एक नमुना घेतला की वस्तीच्या हवेतली काजळी किती ते कळते.

सुरंगी

मी वायुप्रदूषणाच्या विषयात पदव्युत्तर अभ्यास केला आहे, म्हणून कोकणातल्या हवेविषयी दोन तांत्रिक गोष्टी मांडते.

पहिली, दमटपणा. फिल्टरचे वजन करून धूळ मोजण्याची पद्धत जून ते सप्टेंबरमध्ये आपल्याकडे फार जपून वापरावी लागते, कारण समुद्रावरून येणारे मीठ फिल्टरवर बसते आणि ते हवेतले पाणी शोषते. प्रकाश विखुरण्यावर चालणारी हातातली धूळमापके तर धुक्याचे थेंबही कण म्हणून मोजतात. पाझरणाऱ्या बोगद्यात अशा यंत्राने दाखवलेला मोठा आकडा धुराचा की वाफेचा, हे सांगता येत नाही. कार्बनच्या उष्णता-पद्धतीला मिठाने किंवा पाण्याने एवढा फरक पडत नाही.

दुसरी गोष्ट लाल माती. जांभ्याच्या धुळीत लोहाची ऑक्साइडे भरपूर असतात, आणि फिल्टर हेलियममध्ये तापवला जात असताना ही ऑक्साइडे स्वतःकडचा ऑक्सिजन देऊन काही काजळी वेळेआधीच जाळू शकतात. मग एलिमेंटल आणि सेंद्रिय यांची विभागणी सरकते. टॅम्पिंग मशीन चालू असताना गिट्टीची धूळही उडते. उपाय असा, की फिल्टरच्या आधी कण निवडणारा अडसर बसवावा, जो एक मायक्रॉनच्या आसपासपेक्षा मोठे कण बाहेरच ठेवतो. डिझेलचे जवळजवळ सगळे कण त्याहून लहान असतात, मातीचे बहुतेक मोठे असतात. खाणींमध्ये हेच करतात. हा अडसर वगळून जांभ्याच्या मुलखात घेतलेल्या नमुन्यांवर मी विश्वास ठेवणार नाही.

वायंगणी

आमच्या घरचे ट्रक रोरोने जातात, म्हणून विचारते. १९९९ पासून कोलाडहून वेर्ण्याकडे आणि नंतर सुरतकलकडेही मालट्रक रेल्वेच्या सपाट वाघिणींवर चढवून नेतात आणि चालक-क्लीनर आपापल्या ट्रकमध्येच बसलेले असतात. डिझेल इंजिन असताना ते सगळ्या बोगद्यांतून उघड्यावरच गेले. ते रेल्वेचे कर्मचारी नाहीत, पण कामावर असतानाच तो धूर त्यांनी घेतला. त्यांची मोजणी कोण करणार?

करंजखाडी

वायंगणीताई, तुम्ही हे मांडले नसते तर यादीतून हा गट नक्की सुटला असता. त्यांचा समावेश व्हायला हवा. त्यांच्या फेऱ्यांच्या नोंदी ट्रकमालकांकडच्या पावत्यांत असतील. त्या कृपया फेकू देऊ नका.

आंबोळगड

कायद्याची बाजू थोडक्यात. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत कामाच्या जागेवरच्या रसायनांच्या मर्यादा दिल्या होत्या. तीत कार्बन मोनॉक्साइडला आठ तासांसाठी ५० पीपीएम आणि नायट्रोजन डायऑक्साइडला ३ पीपीएम अशी मर्यादा होती, मात्र डिझेलच्या काजळीची वेगळी नोंद नव्हती. शिवाय त्या कायद्यातल्या कारखान्याच्या व्याख्येतून रेल्वेची रनिंग शेड स्पष्ट शब्दांत वगळलेली होती. दुरुस्तीचा वर्कशॉप कारखाना, पण इंजिने येऊन-जाऊन उभी राहतात, सुरू असतात आणि तपासली जातात ती रनिंग शेड कारखाना नाही. धुराच्या दृष्टीने या दोन जागांत माणसाला काय फरक पडतो, याचे उत्तर मला कुठे सापडलेले नाही.

शॉर्टहूड

आंबोळगड यांनी मोनॉक्साइडचा उल्लेख केला म्हणून विचारतो. बोगद्यात कामाला जाताना कधीकधी चार वायू दाखवणारा मीटर बरोबर देत. त्यावर धोका दाखवला जात नसे, पण डोळे चुरचुरत आणि रुमालाने नाक पुसले की तो काळा होत असे. मीटर चुकीचा होता का?

करंजखाडी

मीटर त्याच्यापुरता बरोबर असतो. असे मीटर साधारणपणे ऑक्सिजन, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन सल्फाइड आणि पेट घेणारे वायू दाखवतात. डिझेल इंजिन भरपूर हवा घेऊन जळते, त्यामुळे पेट्रोलच्या मानाने मोनॉक्साइड फारच कमी सोडते. मीटर स्वच्छ दाखवत असताना काजळी आणि नायट्रोजनची ऑक्साइडे भरपूर असू शकतात. गुदमरून कोणी पडू नये यासाठी तो मीटर आवश्यक आहे; डिझेलच्या धुराचे मोजमाप म्हणून त्याच्याकडे पाहू नये. डोळ्यांच्या चुरचुरीसाठी नायट्रोजन डायऑक्साइड वेगळा मोजावा. कॉलरला लावायच्या बिल्ल्यासारख्या, पंप न लागणाऱ्या नळ्या मिळतात आणि त्या स्वस्त असतात. अमेरिकेतल्या स्वच्छताशास्त्रज्ञांच्या एसीजीआयएच संघटनेने २०१२ मध्ये या वायूची शिफारस केलेली पातळी ०.२ पीपीएमपर्यंत खाली आणली, आपल्या ३ पीपीएमच्या पंधराव्या हिश्शाइतकी.

मुकादम_निवृत्त

नोंदींविषयी लिहायचे राहिले होते. आमच्या विभागात मस्टर असे आणि गँगची डायरी असे. डायरीत त्या दिवशी गँग कोणत्या किलोमीटरवर होती, काय काम केले आणि किती माणसे होती, हे लिहिलेले असते. किलोमीटर कळला की बोगदा कळतो. स्थानकांवर गाड्यांचे रजिस्टर असे, त्यात प्रत्येक गाडीची वेळ असते. या दोन कागदांचा मेळ घातला तर अमुक दिवशी गँग बोगद्यात असताना किती गाड्या गेल्या, हे मिनिटांच्या हिशेबाने काढता येईल. पण अशी रजिस्टरे ठरावीक मुदतीनंतर नष्ट करण्याची पद्धत असते. ती गेली तर मागचे काहीच काढता येणार नाही, आणि माझ्या बरोबरीची माणसे आता साठीच्या पुढे आहेत.

आणखी एक. हा मार्ग बहुतांश एकेरी आहे. क्रॉसिंगला, म्हणजे समोरून येणाऱ्या गाडीला वाट देण्यासाठी, थांबलेली डिझेल गाडी स्थानकात अर्धा-अर्धा तास इंजिन चालू ठेवून उभी असे. पॉइंट्समन (स्थानकात रुळांचे सांधे बदलणारे) आणि स्टेशन मास्तर यांची नावे यादीत घालावीत.

कातळसडा

माझ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. नमुने किती घ्यावे लागतील?

करंजखाडी

एका कामाच्या गटासाठी किमान सहा ते दहा, वेगवेगळ्या दिवशी आणि वेगवेगळ्या माणसांवर. धुराचे आकडे एकसारखे पसरलेले नसतात. बहुतेक दिवस लहान आकडे आणि एखाद्या दिवशी प्रचंड मोठा, अशी त्यांची रीत असते, म्हणून साध्या सरासरीऐवजी भौमितिक सरासरी (जी एखाद्या प्रचंड आकड्याने फार वर ओढली जात नाही) आणि वरचे टोक दोन्ही द्यावे लागतात. एकच नमुना घेऊन ‘सर्व काही मर्यादेत आहे’ असा अहवाल लिहिणे मला अप्रामाणिक वाटते. प्रत्येक दिवशी एक कोरी डबी, पंप न जोडता, बरोबर नेऊन परत आणायची, म्हणजे वाहतुकीत बसलेला कार्बन वजा करता येतो. आणि पंपाचा प्रवाह कामाच्या आधी व नंतर तपासायचा.

आतापर्यंतच्या प्रतिसादांवरून मी असा आराखडा करतो आहे. पहिल्या टप्प्यात टॅम्पिंग मशीनवरचे कर्मचारी आणि त्यांच्या आसपास पायी काम करणारी गँग, टॉवर वॅगनवरचे कर्मचारी, शंटिंगचे कर्मचारी आणि तुलनेसाठी बोगद्याबाहेर काम करणारी एक गँग. एलिमेंटल कार्बन सुरंगी यांनी सांगितलेल्या अडसरासह, नायट्रोजन डायऑक्साइड बिल्ल्याने, आणि निवडक माणसांवर मिनिटागणिक काजळी. कार्बनचे असे विश्लेषण करणारी उपकरणे देशातल्या वायुमंडल-संशोधन संस्थांत आहेत. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेकडेही विचारणा करीन. मोजमाप प्रशासनाच्या परवानगीशिवाय होणार नाही, म्हणून अर्ज कर्मचारी संघटनेच्या मार्फत आणि जुन्या डायऱ्या व रजिस्टरे नष्ट न करण्याची विनंती त्याच अर्जात. ज्याच्यावर मोजमाप होईल त्याला त्याचा आकडा लेखी आणि मराठीत मिळेल, ही अट मी आराखड्यात पहिल्या पानावर घातली आहे.

मुकादमसाहेब आणि शॉर्टहूड, गँगच्या डायरीचे रकाने आणि इंजिन कोणत्या हूडने जोडले याची नोंद कुठे होत असे, एवढे मला कृपया निरोपाने कळवा. डॉक्टर, रुग्णांना विचारायच्या नोकरीच्या इतिहासाची प्रश्नावली आपण दोघे मिळून करू. बोगद्यातले काम, शेडमधले काम आणि चूल-बिडी यांचे रकाने वेगळे ठेवू.

डॉ_कुडाळ

जरूर. प्रश्नावलीचा पहिला मसुदा मी या आठवड्यात पाठवते. त्यात रोरोच्या चालकांसाठी वेगळा भाग घालते आहे.